लांबचा

बातमी आली तेव्हा मी बिस्किटांच्या डब्यात
मोत्याच्या गुंड्या शोधत होते,
कुणाच्या तरी लेकीच्या पहिल्या कोमुन्यांवच्या फ्रॉकसाठी.
रेडिओवरची मुलगी म्हणाली, डेव्हन लार्क, वय त्रेसष्ट,
हॉटेलची खोली, झोपेच्या गोळ्या.
आणि त्याच श्वासात, आता पणजीचं तापमान.

मी मशीन थांबवलं नाही.
बाही शिवून झाल्यावर पाहिलं,
उलटी लागली होती.

माझ्याकडे त्याची एकच कॅसेट.
बोस्त्यांवनं बहरीनहून भरून आणलेली, सत्त्याऐंशी साली,
साबणाच्या वड्यांत दडवून,
म्हणून कितीतरी वर्षं त्याच्या आवाजाला
गुलाबी वास येई.
त्याचं पोस्टर मी येशूच्या पवित्र हृदयाशेजारी लावलं.
मायनं बघितलं. ओरडली नाही.
खिळा उपटून वीतभर खाली ठोकला.
‘कळू दे त्याला,’ म्हणाली, ‘घर कुणाचं ते.’

आणि एकदा तेर्सच्या वेळी
कुणाचा तरी कोपर लागून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं.
तेव्हापासून दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात,
तो जिथे श्वास भरून वर चढायला लागतो, नेमकं तिथे,
अकरा सेकंद
माय ‘नमान मारिये’ म्हणते,
बोस्त्यांव खोकतो, बाहेर कुत्रा भुंकतो,
मग तो परत येतो, उतरणीवर, दमलेला.
वर काय होतं, मला माहीत नाही.
सगळ्या जगानं ऐकलंय.
पुतण्यानं एकदा फोनवर अख्खं गाणं लावून दिलं.
मी म्हटलं, बंद कर ते.

समोरची आल्सिरा आता आमच्या चर्चमध्ये येत नाही,
म्हापशाच्या एका हॉलमध्ये हात वर करून प्रार्थना करते.
कुंपणावरून म्हणाली, ‘गेला सरळ नरकात.
स्वतःची मूर्ती करून घेतली त्यानं, आणि तुम्ही पुजलीत.’
मी दोरीवरचे कपडे काढत राहिले.
पुजली असेन.
सतराव्या वर्षी गुडघे नेमके कुणापुढे टेकत होते,
आता वेगळं काढता येत नाही,
एका बादलीत भिजवलेल्या लाल साडीचा रंग
पांढऱ्या सदऱ्यातून निघत नाही, तसं.
पण देवाला मी विचारणार आहे.
रागानं नाही. शिवणारी शिवणारीला विचारते तसं:
कापड इतकं चांगलं होतं,
मग इथला टाका का सुटला?

शनिवारी चर्चच्या ऑफिसात गेले.
पाद्रे निकोलावनं मिस्सांची वही उघडली.
मृताचं नाव? डेव्हन.
आडनाव? लार्क.
वाडा कुठला?
मी गप्प.
त्यानं चष्म्यावरून बघितलं. ‘बरं, तुझा कोण?’
‘लांबचा,’ म्हटलं.
खोटं नव्हतं.
त्यानं तसंच लिहिलं, आणि दोनशे रुपयांची पावती फाडली.

मंगळवारची साडेसहाची मिस्सा.
कोलवाळच्या पुलावर अजून दिवे होते.
तीन म्हाताऱ्या, सांक्रिस्तांव, मी.
सांतानच्या आत्म्यासाठी, पियेदादच्या आत्म्यासाठी,
मग पाद्रेची जीभ अडखळली.
‘देवान,’ म्हणाला तो, ‘देवानच्या आत्म्यासाठी.’
तिघींनी माना खाली घातल्या.
इतकी स्टेडियमं भरली त्यानं,
पण त्याच्याकडे काहीएक न मागता
कुणी त्याचं नाव घेतलं असेल का, कधी?

बाहेर पायरीवर कुस्तोदीनं दंड धरला.
‘कोण गो हा देवान? असोळण्याचा?’
‘त्याच्याही पलीकडचा.’
‘खूप दिवस आजारी होता?’
‘हो,’ म्हटलं, ‘खूप दिवस.
मोठ्यानं कण्हायचा.
आम्ही टाळ्या वाजवायचो.’

तिनं कपाळावर, छातीवर क्रूस काढला.
‘सुटला बाबा,’ म्हणाली,
आणि मासेवाल्याचा भोंपू ऐकून
एकेक पायरी धरत, घाईघाईनं उतरली.